हरित खरेदीची अट लिहायची कुठे? जिथे दर भरतात तिथे

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एका निमसरकारी संस्थेला नव्या आर्थिक वर्षापासून ‘पर्यावरणपूरक खरेदी’ सुरू करायची आहे. खरेदी जेमवर (केंद्र सरकारचं ऑनलाइन खरेदी संकेतस्थळ) होते, कामांच्या निविदा महाटेंडर्सवर (राज्याचं ई-निविदा संकेतस्थळ) निघतात. कार्बन मोजणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, निविदेत कोणती कलमं टाकावीत आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघू नये म्हणून काय जपावं, असं विचारलं आहे.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे लागणारी माहिती आधीच पडून आहे, फक्त चार ठिकाणी विखुरलेली. जेमवरून वर्षभराच्या ऑर्डरी एक्सेलमध्ये उतरवा, महाटेंडर्सवरून कार्यादेश झालेल्या कामांची यादी घ्या, महावितरणची बिलं मीटरनिहाय लावा आणि वाहन विभागाकडून डिझेलचा हिशेब मागवा. सगळं एका तक्त्यात आणा: वस्तू, नग किंवा परिमाण, रक्कम, वापराचे तास, आयुष्य. मग उत्सर्जन काढायला तीनच गुणक पुरतात. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड (केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडा जाहीर करतं, तो ०.७ च्या आसपास असतो), डिझेलला लिटरमागे २.६८ किलो, आणि साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटला किलोमागे साधारण ०.८५ ते ०.९ किलो. तक्ता उतरत्या क्रमाने लावला की पाण्याचे आणि मलजलाचे पंप, पथदिवे, काँक्रीट, वाहनं आणि वातानुकूलन यंत्रं वर येतात. स्टेशनरी तळाला जाते. कागदी कप बंद केल्याची बातमी होते, पंप बदलल्याची होत नाही. पण खरा पैसा आणि खरा धूर पंपात आहे.

आता मुख्य मुद्दा. निविदेच्या विशेष अटींमध्ये ‘पुरवठादाराने पर्यावरणस्नेही उत्पादन पुरवावे’ असं वाक्य टाकून काहीही होत नाही. ते कोणी तपासत नाही आणि त्यावरून कोणाचं बिल कापता येत नाही. अट दोन कसोट्यांना उतरली तरच ती अट: एल-वन (सर्वांत कमी दराचा बोलीदार) ठरवताना तिचा आकडा मोजला गेला पाहिजे, आणि माल त्या आकड्यात बसला नाही तर त्याची ठरलेली वजावट बिलातून झाली पाहिजे.

मलजल उपसा केंद्राचा पंप घेऊ. तासाला ८०० घनमीटर, २६ मीटर उंची. पाणी उचलायला लागणारी निव्वळ शक्ती ५६.७ किलोवॅट. बोलीदार ‘अ’चा पंप मोटरसह ९० किलोवॅट खेचतो, किंमत ९ लाख. ‘ब’चा ८४ किलोवॅट, किंमत साडेअकरा लाख. नेहमीच्या पद्धतीत ‘अ’ जिंकतो. पण पंप वर्षाला ६,००० तास चालणार असेल आणि युनिटचा दर ८ रुपये धरला, तर एक किलोवॅट जास्त म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. दहा वर्षं, ८ टक्के सवलत दराने (पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या किमतीत आणणारा दर) गुणक ६.७१ येतो, म्हणजे प्रत्येक जादा किलोवॅटची आजची किंमत ३,२२,०८० रुपये. सहा किलोवॅटच्या फरकाचे १९ लाख ३२ हजार. अडीच लाख वाचवायला गेलेल्या संस्थेने दहा वर्षांत जवळपास आठपट गमावले, आणि दरवर्षी २६ टन कार्बन डायऑक्साइड वर सोडला.

हे महाटेंडर्सवर बसवायचं कसं? अडचण अशी की बीओक्यूची (बाबनिहाय दर भरायच्या तक्त्याची) एक्सेल फाइल कुलूपबंद असते आणि प्रणाली तुलनात्मक तक्ता त्यातल्या एकूण रकमेवरूनच काढते. हमी दिलेली शक्ती तांत्रिक लिफाफ्यात मागितली, तर ती तिथेच राहते आणि एल-वन ठरताना तिचा उपयोग शून्य. म्हणून बीओक्यूतच दोन बाबी ठेवा. पहिली बाब पंप, पुरवठा व उभारणीसह. दुसरी बाब ‘हमी दिलेल्या शक्तीचा मूल्यमापन भार’: बोलीदाराने हमी दिलेले किलोवॅट गुणिले ३,२२,०८० अशी रक्कम भरायची. दुसऱ्या बाबीचं वर्णन स्पष्ट लिहा, की ही रक्कम फक्त तुलनेसाठी आहे आणि देय नाही.

इथे चुका ठरलेल्या असतात. अंदाजपत्रकात दुसरी बाब धरलीच नाही, मग सगळ्या बोली अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट वर दिसतात आणि फाइल परत येते. बयाणा रक्कम एकूण बेरजेवर काढली जाते. ती फक्त पहिल्या बाबीवर काढायची. कार्यादेश एकूण रकमेचा निघतो. लेखा विभागाला टिपणीतच सांगा की कार्यादेश पहिल्या बाबीचा. आणि एखादा बोलीदार दुसऱ्या बाबीत मुद्दाम अशक्य कमी आकडा भरतो. त्यासाठी निविदेत वरची मर्यादा द्या: संयुक्त कार्यक्षमता (पंप आणि मोटर मिळून) अमुक टक्क्यांहून जास्त दाखवली तर त्याच मॉडेलचा कारखान्यातला चाचणी अहवाल जोडावा लागेल.

हमी तपासायची कारखान्यात. निविदेत आयएसओ ९९०६ (पंप चाचणीचं मानक) लिहून सोडू नका, ग्रेडही लिहा. ग्रेड २-बी मध्ये कार्यक्षमतेला उणे ५ टक्क्यांची सूट आहे, १-बी मध्ये उणे ३. ग्रेड न लिहिल्यास पुरवठादार २-बी धरतो आणि वर मिळवलेला फायदा त्या सूटीतच विरतो. स्वच्छ लिहा: हमीची शक्ती ही मूल्यमापनापुरती कमाल, सूट नाही, प्रत्येक जादा किलोवॅटमागे ३,२२,०८० रुपये वजावट, आणि ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर माल नाकारला जाईल. मोटर आयएस १२६१५ प्रमाणे किमान आयई-३ (आयई हा मोटरच्या कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तितकी वीज कमी). जास्त तासांच्या पंपाला आयई-४ परवडते.

जागेवर प्रत्येक पंपाच्या पॅनेलला स्वतंत्र ऊर्जामापक हवा, आरएस-४८५ जोडणीसह, म्हणजे स्काडामध्ये (केंद्राच्या संगणकीय देखरेख प्रणालीत) आकडा येतो. पण दंड जागेवरच्या आकड्यावर लावू नका. मलजलात चिंध्या आणि प्लास्टिक इंपेलरला गुंडाळलं की शक्तीचा आकडा बिघडतो, आणि दोष कोणाचा यावर वाद सुरू होतो. जागेवरचा आकडा फक्त कल पाहण्यासाठी. घनमीटरमागे युनिट महिन्याला ५ टक्क्यांनी चढले की पंप उघडून साफ करायची सूचना गेली पाहिजे.

जेमचा प्रकार वेगळा. तिथे पंखा, एसी, दिवे अशा वस्तूंची कॅटेगरी ठरलेली असते. ‘आमचा हिशेब वेगळा आहे म्हणून कस्टम बिड काढतो’ असं करता येत नाही. नियमित कॅटेगरी असताना नुसती कस्टम किंवा बीओक्यू बिड काढणं जेमच्याच अटींनुसार चालत नाही. एटीसीमध्ये (खरेदीदाराने जोडलेल्या जादा अटींमध्ये) ठरावीक मेक मागणंही तसंच, ती अट शून्यवत धरली जाते. तेव्हा आयुष्यभराच्या खर्चाचा हिशेब बिडमध्ये नाही, बिडच्या आधी फाइलवर करायचा, आणि त्यातून आलेला निष्कर्ष फिल्टरमध्ये निवडायचा: पाच तारे, अमुक वायू, अमुक वॉरंटी. फिल्टर लावल्यावर किती उत्पादक उरतात याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी फाइलला लावा. तीनपेक्षा कमी उरत असतील तर एखादा निकष सैल करा, नाहीतर स्पर्धा मारल्याचा आक्षेप पक्का.

एसीचं उदाहरण बघा. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवरची वार्षिक युनिटं १,६०० तासांची असतात. कार्यालयात दिवसाला १० तास, २५० दिवस म्हणजे २,५०० तास. समजा दीड टनाच्या तीन तारांच्या यंत्रावर ९५० आणि पाच तारांच्या यंत्रावर ७५० युनिटं लिहिली आहेत. तुमच्या वापरात फरक ३१२ युनिटांचा, दहा रुपये दराने वर्षाला ३,१२० रुपये. किमतीतला सात-आठ हजारांचा फरक अडीच वर्षांत भरून निघतो. मात्र तारे कोणत्या वर्षीच्या तक्त्याप्रमाणे आहेत ते पाहा. तक्ता कडक होत जातो आणि गोदामातला जुना माल जुन्या ताऱ्यांसह विकला जातो. पंख्यात हिशेब आणखी सोपा. साधा ७५ वॅटचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) ३२ वॅटचा. याच २,५०० तासांत १०७ युनिटांचा फरक, म्हणजे हजारभर रुपये वर्षाला. पंखे जिथे दिवसभर फिरतात, म्हणजे शाळा, रुग्णालयं, नागरी सुविधा केंद्रं, तिथे आधी बदला.

एसीत ताऱ्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट बहुतेक जण सोडून देतात: थंडावा देणारा वायू. आर-४१०ए चा एक किलो हवेत गेला की २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. आर-३२ चा ६७५, आर-२९० चा जेमतेम ३. वरच्या उदाहरणात पाच ताऱ्यांनी वर्षाला वाचवले २२५ किलो. जुन्या यंत्रात एकदा ०.८ किलो आर-४१०ए गळून पुन्हा भरला, तर सात वर्षांची ती बचत एका झटक्यात गेली. म्हणून देखभाल करारात ‘गॅस चार्जिंग समाविष्ट’ असं मोघम लिहू नका. प्रत्येक यंत्राला क्यूआर कोडचं स्टिकर, आणि यंत्रनिहाय नोंद: किती ग्रॅम भरला, आधी गळती कुठे सापडली, जोड कधी ब्रेझ केला. एकाच यंत्रात वर्षात दोनदा वायू भरावा लागला तर दुसऱ्यांदाचे पैसे नाहीत. एवढ्या एका ओळीने मेकॅनिक गळती शोधायला लागतो.

पथदिव्यांसाठी तपासणीची साधनं फुकट आहेत, वापरली जात नाहीत एवढंच. एलईडी दिव्यावरचा आर-नंबर (भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक) ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की नोंदणी चालू आहे का, कोणत्या कारखान्याची आहे, ते लगेच कळतं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त अहवालावर यूएलआर हा ओळख क्रमांक असतो. प्रयोगशाळेची मान्यता त्या चाचणीसाठी आणि त्या तारखेला होती का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ही दोन कामं तांत्रिक लिफाफा उघडल्यावर लगेच करा, माल आल्यावर नाही. तांत्रिक मागणीत आयपी-६६ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा), १० केव्ही सर्ज (विजेचा अचानक झटका) संरक्षण, पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर हे नेहमीचंच. खाडीकाठी, म्हणजे कोपरी, ऐरोली, वाशीच्या बाजूला, दिव्याच्या बॉडीचा रंग आणि खांबाचं गॅल्व्हनायझिंग याकडे जास्त लक्ष द्या. खारट हवेत दिवा टिकतो आणि नट-बोल्ट आधी गळून पडतात. आणि वॅट नका मागू, रस्त्यावर पडणारा प्रकाश मागा. आयएस १९४४ प्रमाणे रस्त्याचा वर्ग ठरवून लक्स व समानता द्या, खांबांतलं अंतर आणि उंची द्या, आणि बोलीदाराकडून डायलक्सची (प्रकाशाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरची) मूळ फाइल घ्या, नुसती पीडीएफ नको. मूळ फाइल उघडली की देखभाल गुणक (धूळ आणि वयाने कमी होणाऱ्या प्रकाशासाठीचा) ०.८ ऐवजी ०.९५ धरलेला सापडतो.

सीसीएमएस पॅनेल, म्हणजे फीडरवर (दिव्यांच्या एका गटाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) बसणारी दूरनियंत्रण पेटी, हे खरं डिजिटल साधन. पण ती वर्षभरात मुकी होते, आणि कारण बहुतेक वेळा सिमकार्ड असतं. रिचार्ज कोणी करायचा हे करारात नसतं. दुसरं कारण पावसाळ्यात पेटीत शिरलेलं पाणी. तिसरं, पुरवठादार बदलल्यावर सर्व्हर त्याच्याकडेच राहतो. तेव्हा पाच वर्षांचा डेटा खर्च बाब म्हणून धरा, पेटीला आयपी-६५ मागा, आणि दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत फीडरनिहाय युनिटं, चालू तास आणि बंद तास यांची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) संस्थेच्या ई-मेलवर आल्याशिवाय देखभाल बिल स्वीकारू नये असं लिहा. ती सीएसव्ही महावितरणच्या बिलाशी लावा. दोन्हींत ३ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर एक तर मापक चुकतोय, नाहीतर त्या फीडरवरून कोणी आकडा टाकलाय.

काँक्रीटमध्ये अडचण तंत्राची नाही, दरसूचीची (कामांच्या मंजूर दरांच्या यादीची) आहे. अभियंता अंदाजपत्रक दरसूचीतून उचलतो. तिथे जी बाब नाही ती तो घेत नाही, कारण दरविश्लेषण आणि तीन दरपत्रकं जोडण्याचा ताप होतो. म्हणून पहिलं काम: स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं, आयएस ४५५) आणि फ्लाय ॲश सिमेंट (राख मिसळलेलं, आयएस १४८९ भाग १) वापरून एम-२५, एम-३० या काँक्रीटच्या दर्जांचं दरविश्लेषण एकदाच मंजूर करून घ्या आणि सगळ्या उपविभागांना वापरू द्या. घनमीटरला ३६० किलो ओपीसी धरली तर साधारण ३१५ किलो उत्सर्जन. निम्मं स्लॅग असेल तर ते १६० च्या आसपास येतं. ठाणे खाडीकाठी स्लॅगचा आणखी एक फायदा आहे, क्लोराइड आत शिरायला वेळ लागतो आणि सळई गंजायची उशिरा सुरू होते. इथे तर स्लॅग आधी मागायला हवं होतं, कार्बनचा विषय नसता तरी.

बिघडतं कुठे? सुरुवातीची ताकद सावकाश येते. ठेकेदार ओपीसीच्या सवयीने फळ्या काढतो, पावसाळ्याआधी काम आटोपायची घाई असतेच, आणि कडा तुटल्या की दोष ‘हरित’ सिमेंटवर जातो. फळ्या काढण्याचा काळ क्यूबच्या (काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्याच्या) ताकदीवर ठेवा, दिवसांवर नको. पाणी मारण्याला आयएस ४५६ प्रमाणे मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, ओपीसीला ७. रेडिमिक्सवाल्याकडून प्रत्येक बॅचचा छापील नव्हे तर संगणकातून निघालेला अहवाल मागा, प्रत्येक घटकाचं ठरलेलं आणि प्रत्यक्ष वजन असलेला. तो मोजमाप पुस्तकाला जोडला जात नसेल तर स्लॅग किती गेलं हे कधीच कळणार नाही. पाडकामातल्या काँक्रीटच्या राडारोड्यापासून केलेली खडी आयएस ३८३ (२०१६) प्रमाणे साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ पर्यंतच्या आरसीसीत (सळई असलेल्या काँक्रीटमध्ये) २० टक्के आणि लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. पदपथाखालचा थर आणि लीन काँक्रीट यांत ती पूर्ण वापरा, आरसीसीत घाई करू नका. पाणी जास्त शोषते आणि मिश्रण दर खेपेला बदलतं.

पोलादासाठी केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये श्रेणी ठरवल्या: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच हरित, १.६ च्या खाली पाच तारे. सध्या तो आकडा फक्त जाहीर करायला सांगा, पात्रतेची अट करू नका. इकोमार्कचे (पर्यावरणपूरक वस्तूंच्या सरकारी चिन्हाचे) २०२४ चे नवे नियमही आले आहेत; ज्या वस्तूंना परवाने भरपूर मिळालेत तिथेच तो मागा आणि ‘किंवा समतुल्य’ हे शब्द विसरू नका. आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापन) सारखी कंपनीची प्रमाणपत्रं तर बहुतेक खरेदीत मागूच नयेत. रबाळे-महापे पट्ट्यातला वीस कामगारांचा कारखानदार चांगला, कमी वीज खाणारा माल देऊ शकतो, पण प्रमाणपत्राच्या खर्चाने बाहेर पडतो आणि तुम्हाला माल मोठ्या ब्रँडचा दुप्पट दराने मिळतो. अट मालाच्या गुणाची ठेवा, कंपनीच्या भिंतीवरच्या चौकटीची नको.

विजेवरच्या बस किंवा गाड्या भाड्याने घेणार असाल तर एक हिशेब आधी करा. १२ मीटरची वातानुकूलित डिझेल बस गर्दीत लिटरला २.८ किलोमीटर देत असेल तर किलोमीटरला ०.९६ किलो. विजेची बस मीटरवर मोजून किलोमीटरला १.३ युनिटं घेत असेल तर ०.९४. म्हणजे ग्रिडच्या विजेवर फरक जवळजवळ नाही (खाण आणि शुद्धीकरणाचं उत्सर्जन दोन्हीकडे सोडून). घोडबंदर रोडवरचा धूर मात्र नक्की कमी होतो, ते कारण स्वतंत्र आणि पुरेसं आहे. कार्बनही कमी करायचा तर आगाराच्या जोडणीला हरित दर (अक्षय ऊर्जेच्या विजेचा) घ्या किंवा ओपन ॲक्सेसने (वितरण कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या उत्पादकाकडून) सौर वीज. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी त्यासाठी मंजूर भाराची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली आहे. करारात किलोमीटरमागे कमाल युनिटं लिहा, आणि ती बसच्या डॅशबोर्डवर नव्हे तर आगाराच्या मीटरवर मोजा. बॅटरीच्या आकड्यात चार्जरमधला तोटा येत नाही, आणि जादा युनिटांची वजावट करायची वेळ आली की ठेकेदार नेमका तोच आकडा पुढे करतो.

लेखापरीक्षणाबाबत: आक्षेप कमी दर सोडून जास्त दर का घेतला यावर येतो. त्याचं उत्तर निविदेतच छापलेलं असलं पाहिजे. युनिट दर, तास, वर्षं, सवलत दर हे चारही आकडे निविदा प्रसिद्ध होतानाच द्या, आणि त्यांचा आधार फाइलवर ठेवा: दरासाठी मागच्या बारा महिन्यांची बिलं, तासांसाठी लॉगबुक. प्रसिद्धीनंतर त्यातला एकही बदलायचा असेल तर शुद्धिपत्रक, मुदतवाढीसह. उघडलेल्या बोलीनंतर नवा निकष लावला की मग कितीही चांगला हेतू असला तरी फाइल वाचत नाही.

राहिलं जुनं सामान. जेमवर फॉरवर्ड ऑक्शन (चढ्या बोलीचा लिलाव) किंवा बायबॅक (जुनं देऊन नवं घेणं) दोन्ही चालतात, पण ई-कचऱ्याला खरेदीदार नोंदणीकृत पुनर्चक्रकच हवा ही अट लिलावात टाका आणि त्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय माल उचलू देऊ नका. जुन्या एसींचा लिलाव करताना वायू काढून घेण्याचं काम वेगळं धरा, सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन नोंदवून. नाहीतर भंगारवाला तांब्याची नळी कापतो आणि वायू तिथल्या तिथे निघून जातो.